शॉर्टकट पाठ करण्याआधी फॉर्म तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणकाच्या शॉर्टकट कळांच्या याद्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून छापून येतात. ‘माउस सोडा, वेळ वाचवा’ असा त्यांचा सूर असतो. पत्र टाइप करणाऱ्याला ते ठीक आहे. डेटाबेसवर दिवसभर नोंदी भरणाऱ्याला मात्र अशी यादी अर्धीच मदत करते आणि कधी कधी नुकसानही करते. वर्डमध्ये चुकीची कळ दाबली गेली तर चूक मागे घेणारी कंट्रोल-झेड हाताशी असते. डेटाबेसच्या फॉर्ममध्ये, म्हणजे नोंदी भरण्याच्या पडद्यावरच्या अर्जात, कर्सर एका रेकॉर्डवरून (नोंदीवरून) दुसऱ्यावर गेला की आधीचे रेकॉर्ड बहुधा न विचारता सेव्ह होते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये सेव्ह झालेला बदल मागे घेता येतो, पण पुढच्या रेकॉर्डला हात लावेपर्यंतच. त्यामुळे इथे कीबोर्ड की माउस हे ठरवताना चूक कितीला पडते तेही मोजावे लागते.

आधी वेगाचे पाहू. कार्ड, मोरान आणि न्यूएल या तिघा संशोधकांनी १९८० मध्ये कळ-पातळीवरचा हिशेब मांडला आणि तो आजही वापरला जातो. सराईत टंकलेखकाला एक कळ दाबायला ०.२ सेकंद लागतात. हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४, पडद्यावरच्या जागेवर बाण न्यायला सरासरी १.१ आणि पुढे काय करायचे ते मनात जुळवायला १.३५ सेकंद. फॉर्म भरताना मध्येच एका चौकटीत क्लिक करावे लागले तर हात नेणे ०.४, बाण नेणे १.१, बटण ०.२ आणि हात परत आणणे ०.४, असे २.१ सेकंद जातात. त्याच जागी टॅब मारली तर ०.२. एका रेकॉर्डमागे असे तीन क्लिक आणि दिवसाला ५०० रेकॉर्ड धरले तर माउसच्या फेऱ्यांत ३,१५० सेकंद, म्हणजे साडेबावन्न मिनिटे जातात. टॅबने पाच मिनिटे. हा कागदावरचा अंदाज आहे, प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होईल.

उलट बाजूही खरी आहे. ॲपलमध्ये काम केलेले ब्रूस टोगनाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिले होते, की चाचणीत लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, पण घड्याळ माउसच्या बाजूने कौल देते. कळ आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या लक्षात येत नाही, असे त्यांचे म्हणणे. वरच्या हिशेबातला १.३५ सेकंदांचा आकडा तोच. महिन्यातून एकदा लागणाऱ्या आज्ञेसाठी ते पटते: निर्यात, छपाईची मांडणी, टेबलांमधले (तक्त्यांमधले) संबंध जोडणे ही कामे मेनूतून शोधून माउसनेच करावीत. प्रत्येक रेकॉर्डला लागणारी कळ मात्र दोन दिवसांत बोटांत बसते आणि आठवण्याचा वेळ शून्यावर येतो. मग घड्याळही कीबोर्डकडे झुकते.

नोंदी भरणाऱ्याला ॲक्सेसमध्ये खरोखर उपयोगी पडणाऱ्या कळा आठ-दहाच आहेत. कंट्रोल आणि अपॉस्ट्रॉफी दाबले की मागच्या रेकॉर्डमधल्या त्याच फील्डची (रकान्याची) किंमत, म्हणजे त्यात भरलेला मजकूर, जशीच्या तशी उतरते. गाव, विभाग, महिना अशा सलग सारख्या येणाऱ्या फील्डसाठी याहून चांगले काही नाही. कंट्रोल आणि सेमीकोलन आजची तारीख टाकते, त्यालाच शिफ्ट जोडली की वेळ. शिफ्ट-एंटर चालू रेकॉर्ड जागच्या जागी सेव्ह करते. एस्केप एकदा मारली की चालू फील्डमधला बदल रद्द, दुसऱ्यांदा मारली की अख्ख्या रेकॉर्डमधला. कॉम्बो बॉक्सची, म्हणजे यादीतून निवडायच्या चौकटीची, यादी एफ४ ने उघडते, पण बहुतेक वेळा ती उघडण्याची गरजही नसते. पहिली दोन-तीन अक्षरे टाइप केली की नाव आपोआप पुरे होते. होत नसेल तर भाषेचा कळफलक बदललेला आहे का ते आधी पाहावे. चुकून आल्ट-शिफ्ट दाबली गेलेली असते आणि मराठी यादीत इंग्रजी अक्षरे शोधली जात असतात.

एफ२ चे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण पुष्कळ डेटा इथेच मरतो. टॅबने एखाद्या फील्डमध्ये शिरले की ॲक्सेस त्यातला सगळा मजकूर निवडून ठेवते. अशा वेळी एक अक्षर टाइप झाले की जुना मजकूर गेला आणि पुढची टॅब मारणाऱ्याला ते दिसतही नाही. आहे त्यात दुरुस्ती करायची असेल तर आधी एफ२ मारावी. निवड जाते आणि कर्सर मजकुरात उभा राहतो. ज्या कामात नव्या नोंदी कमी आणि दुरुस्त्या जास्त, तिथे ऑप्शन्समधल्या क्लायंट सेटिंग्जमध्ये जाऊन फील्डमध्ये शिरल्यावर कर्सर शेवटी जावा, असे ठरवून टाकावे. ही सेटिंग त्या संगणकापुरती असते. शेजारच्या टेबलावर बसले की जुनेच वागणे समोर येते.

माउसही निर्दोष नाही. ॲक्सेसच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत फॉर्मवर माउसचे चाक फिरवले की रेकॉर्ड बदलायचे आणि अर्धवट भरलेले मागे सेव्ह होऊन राहायचे. २००७ पासून ते थांबले. विंडोजच्या अनेक जुन्या प्रोग्राममध्ये अजून एक खोड आहे. यादीतून किंमत निवडल्यावर कर्सर त्याच चौकटीत असतो, पान खाली सरकवायला चाक फिरवले जाते आणि पान सरकण्याऐवजी निवडलेली किंमत गुपचूप बदलते. निवड झाली की लगेच टॅब मारून चौकटीबाहेर पडणे, एवढाच उपाय.

आता मुख्य तक्रार. काम करणाऱ्याला कळा शिकवल्या जातात, पण फॉर्म बनवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. टॅब मारल्यावर कर्सर नावावरून थेट शेऱ्यावर जातो आणि तिथून वर पत्त्यावर येतो, तेव्हा माणूस वैतागून माउस धरतो. दोष त्याच्या सवयीचा नसतो. ॲक्सेसमध्ये नंतर जोडलेले प्रत्येक फील्ड टॅबच्या क्रमात शेवटी जाऊन बसते, पडद्यावर ते कुठेही ठेवले तरी. दुरुस्ती दोन मिनिटांची आहे: फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये उघडायचा, टॅब ऑर्डर ही खिडकी काढायची आणि ओळी ओढून कागदी अर्जाच्या क्रमाने लावायच्या. तिथले ऑटो ऑर्डर बटण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली असा क्रम लावते. फॉर्म दोन स्तंभांत असेल तर कर्सर नागमोडी फिरू लागतो, तेव्हा त्या बटणाच्या नादी लागू नये. आपोआप भरली जाणारी फील्ड, म्हणजे अनुक्रमांक, बेरीज वगैरे, यांचा टॅब स्टॉप (टॅबने तिथे थांबणे) ‘नो’ करावा. आणि फॉर्मची सायकल ही प्रॉपर्टी ‘करंट रेकॉर्ड’ करावी. ती मूळच्या ‘ऑल रेकॉर्ड्स’वर राहिली तर शेवटच्या फील्डमधली एक जादा टॅब माणसाला पुढच्या रेकॉर्डवर नेऊन सोडते आणि तपासायचे राहिलेले रेकॉर्ड सेव्ह झालेले असते.

पुसण्याच्या कळेबद्दल आमचे मत ठाम आहे: ती असूच नये. ॲक्सेसमध्ये कंट्रोल आणि वजा दाबले की चालू रेकॉर्ड डिलीट होते. ब्राउझरमध्ये हीच जोडी पान लहान करते, त्यामुळे अक्षरे मोठी दिसतात म्हणून लहान करायला गेलेला माणूस रेकॉर्ड उडवायच्या बेतात येतो. मध्ये खात्री विचारणारी खिडकी येते खरी, पण दिवसभर एंटर मारणाऱ्या बोटाला ती थांबवू शकत नाही. फॉर्मची अलाउ डिलीशन्स ही प्रॉपर्टी ‘नो’ केली की ही कळ निकामी होते. मग पुसण्यासाठी वेगळे बटण द्यावे, त्याचा टॅब स्टॉप बंद ठेवावा आणि त्याच्या संदेशाच्या खिडकीत ‘नाही’ हेच बटण आधीपासून निवडलेले असावे. इथे माउसचे दोन सेकंद गेले तर जाऊ द्यावेत.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या लेखी आज्ञा, लिहिणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ या प्रोग्राममध्ये एफ५ मारली की पडद्यावरची सगळी स्क्रिप्ट चालते, पण काही भाग निवडलेला असेल तर तेवढाच चालतो. अपडेटची आज्ञा तीन ओळींची आहे आणि माउसने ओढताना तिसरी, म्हणजे कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणारी व्हेअरची ओळ सुटली, तर वरच्या दोन ओळी स्वतंत्रपणे बिनचूक आज्ञा ठरतात आणि टेबलातल्या सगळ्या नोंदी बदलतात. चूक माउसची, घाव एफ५ चा. म्हणून बदल करणारी आज्ञा आधी बिगिन ट्रॅन्झॅक्शनखाली चालवावी, किती नोंदी बदलल्या तो आकडा वाचावा आणि मगच कमिट (बदल कायम) किंवा रोलबॅक (बदल मागे). ट्रॅन्झॅक्शन उघडी टाकून चहाला जाऊ नये. तोवर त्या नोंदींना लॉक (कुलूप) असते आणि बाकीची माणसे ते सुटण्याची वाट पाहत बसतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा वर्कबेंच हा प्रोग्राम मुळातच की-फील्डची (नोंदीची ओळख ठरवणाऱ्या फील्डची) अट नसलेली अपडेट अडवतो. ती अडचण वाटून सेटिंग बंद करणारे पुष्कळ आहेत, त्यांनी ती परत चालू करावी.

एकाच कळेचे वेगवेगळे अर्थ हाही रोजचा ताप. एफ५ मॅनेजमेंट स्टुडिओत आणि पीजीॲडमिन या तशाच प्रोग्राममध्ये क्वेरी चालवते, ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये रेकॉर्ड क्रमांकाच्या चौकटीत नेते, तर ब्राउझरमध्ये पान नव्याने आणते आणि भरलेला अर्ज त्यात जाऊ शकतो. कंट्रोल-डब्ल्यूची कथा याहून वाईट. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामवर हात बसलेल्यांना तिचा अर्थ ‘सेव्ह करून बाहेर’ असा पाठ आहे. ब्राउझरमध्ये ती उघडे पान (ब्राउझरची टॅब) बंद करते आणि बहुतेक ब्राउझर ही कळ वेबपानाला अडवू देत नाहीत. जुनी प्रणाली वेबवर नेताना, अर्ज अपुरा असताना पान बंद होऊ लागले तर इशारा देण्याची सोय पहिल्याच दिवशी घालावी.

वेबवरच्या फॉर्मांत फक्त क्लिकनेच उघडणारी कॅलेंडरे आणि कर्सर कुठे आहे ते दाखवणारी चौकट ‘दिसायला बरी नाही’ म्हणून काढून टाकणे, हे दोन दोष सर्रास आढळतात. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरवर (पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) काम करते तेव्हा माउसचा पर्यायच नसतो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत सगळी कामे कीबोर्डने करता येणे ही ‘ए’ म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीची अट आहे. फॉर्म ताब्यात घेण्यापूर्वी त्याची चाचणी सोपी आहे: माउसची वायर काढून ठेवावी आणि कोरे रेकॉर्ड भरणे, सेव्ह करणे, शोधणे, दुरुस्त करणे आणि रद्द करणे ही पाचही कामे करून पाहावीत. जिथे अडकले, ती जागा कागदावर लिहून बनवणाऱ्याकडे परत पाठवावी. दुरुस्ती होईपर्यंत पैसे चुकते करू नयेत.

आणि ज्यांना आकडेच भरायचे आहेत त्यांनी माउस डाव्या हाताला ठेवून पाहावा. उजवीकडचा अंकांचा कळसंच माउसला खांद्यापासून लांब ढकलतो. माउस डावीकडे गेला की उजवा हात अंकांवरच राहतो. पहिले काही दिवस बाण वेडावाकडा जाईल.

आपले,
डेटाबेस प्रणालींवर काम करणारे काही वाचक