प्रथिनांच्या घडीचे कोडे अर्धेच सुटले आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलविषयी लिहिताना ‘प्रथिनांच्या घडीचे कोडे संगणकाने सोडवले’ असे म्हटले आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातल्या आम्लांच्या क्रमावरून घडी पडल्यावरचा आकार सांगणे अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीला बऱ्याच अंशी जमू लागले, हे खरेच. पण साखळी त्या आकाराला पोचते कशी, आणि तो आकार उत्क्रांतीत आला कुठून, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. बी.एस्सी.च्या वर्गात तर त्यांना जागाच नसते. मायोग्लोबिनचा (स्नायूत ऑक्सिजन साठवणाऱ्या प्रथिनाचा) गुंता फळ्यावर काढला की धडा संपला. आमच्या मते सुरुवात मायोग्लोबिनने करूच नये. एकच घटक ओळीने पुन्हा पुन्हा येतो अशा प्रथिनांनी करावी.

अँकायरिन घ्या. तांबड्या रक्तपेशीचे पटल आतल्या स्पेक्ट्रिनच्या जाळीला बांधून ठेवणारे हे प्रथिन. (तांबडी पेशी म्हटली की नागपुरात आधी सिकलसेल आठवतो. तो हिमोग्लोबिनचा दोष. अँकायरिन बिघडले तर पेशी चेंडूसारख्या गोल होतात, तो आजार वेगळा.) यात साधारण 33 अमिनो आम्लांचा घटक 24 वेळा येतो. प्रत्येक घटकात पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन हेलिक्स (स्प्रिंगसारखे पिळलेले भाग) आणि पुढच्या घटकाकडे नेणारा वळसा. घटक टेकतो तो फक्त आपल्या शेजाऱ्याला. मायोग्लोबिनमध्ये साखळीवर दूरदूर असलेली आम्ले घडी पडल्यावर एकमेकांना भिडतात, तसे इथे काही नाही.

त्यामुळे घडीचा हिशेब वहीच्या एका पानावर मांडता येतो. शिकवण्यापुरते आकडे धरू: एक घटक घडवायला 4 किलोकॅलरी प्रति मोल खर्च, दोन घटकांच्या सांध्यावर 10 परत. एकटा घटक 4 ने तोट्यात, म्हणून तो उलगडलेलाच राहतो. दोन असले तर 8 खर्च आणि 10 जमा, 2 शिल्लक. तिसरा आला की 12 खर्च, 20 जमा, 8 शिल्लक. पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी चुंबकासाठी जे एकमितीय आयझिंग प्रारूप शिकतात, ते हेच. खऱ्या प्रथिनात प्रत्येक घटकाचा आणि सांध्याचा भाव वेगळा असतो. जिथे सौदा सर्वांत स्वस्त तिथून घडी सुरू होते आणि दोन्ही बाजूंना पसरते. टोकाच्या घटकांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या एका बाजूला शेजारीच नसतो आणि पाण्याला नको असलेला पृष्ठभाग उघडा पडतो. म्हणून दोन्ही टोकांना पाण्यात रमणारी आम्ले असलेले ‘टोपी’ घटक लागतात. प्रयोगशाळेत असे प्रथिन बनवताना टोप्या विसरल्या की रेणू एकमेकांना चिकटून गाळ बसतो. टोप्या नीट असल्या तर झुरिचमध्ये रचलेल्या अँकायरिन-प्रथिनांसारखे काही नमुने उकळत्या पाण्याच्या तापमानालाही उलगडत नाहीत.

हे सगळे एका प्रात्यक्षिकात दाखवता येते. नेट असलेला संगणक पुरे. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यावरून पी 16157 या क्रमांकाचा मानवी अँकायरिनचा अनुक्रम (1881 आम्ले) उतरवून घ्यावा आणि आडव्या-उभ्या दोन्ही अक्षांवर तोच ठेवून डॉट प्लॉट (जिथे अनुक्रम जुळतो तिथे ठिपका टाकलेला आलेख) काढावा. मुख्य कर्णाला समांतर, 33-33 च्या अंतराने रेघा दिसतात. खिडकी (एका वेळी ताडून पाहायच्या आम्लांची संख्या) 10 ठेवली तर नुसते ठिपकेच ठिपके. 25 ते 30 ठेवावी, आणि हुबेहूब अक्षरे जुळवण्याऐवजी ब्लोसम 62 तक्ता (कोणते आम्ल कोणाच्या जागी किती चालते याचे गुण देणारा) वापरावा, कारण घटकांमध्ये साम्य थोडेच उरलेले असते. मग घटक एकाखाली एक मांडायचे. इथे मुले हमखास चुकतात. पहिल्या आम्लापासून 33-33 चे तुकडे कापत जातात आणि काप हेलिक्सच्या मध्यावर पडतो. त्याऐवजी पहिल्या हेलिक्सच्या तोंडाशी येणारा टी-पी-एल-एच (थ्रिओनिन, प्रोलिन, ल्युसिन, हिस्टिडिन) हा ठसा शोधून त्यावर ओळी जुळवाव्यात. एखाद्या वळशात दोन-चार आम्ले जास्त निघतात, तिथे फट सोडावी. नाहीतर खालच्या सगळ्या ओळी सरकतात. कोलॅजेनवर हा खटाटोप करू नये. त्यात दर तिसरे आम्ल ग्लायसिन, प्लॉट सगळा काळा होतो. भंडारा-गडचिरोलीच्या टसर रेशमात ॲलानिनच्या लांब रांगा असतात, तिथेही तेच.

उत्क्रांतीचा धागा इथूनच सुरू होतो. सारखे तुकडे शेजारी असले की क्रॉसिंग ओव्हरच्या वेळी (जोडीतली गुणसूत्रे तुकड्यांची अदलाबदल करतात तेव्हा) गुणसूत्रे एक घर चुकून जुळतात. एका जनुकात एक घटक वाढतो, दुसऱ्यात एक कमी होतो. मायोग्लोबिनमध्ये अधेमधे 33 आम्ले घुसली तर घडी मोडेल. इथे ओळ एका घटकाने लांबते, एवढेच. आपल्याकडच्या रब्बीतल्या जवसाचेच उदाहरण आहे. तांबेऱ्याला रोखणाऱ्या ‘एम’ जनुकात ल्युसिनबहुल (ल्युसिन हे अमिनो आम्ल वारंवार येणाऱ्या) घटकांचे दोन जवळपास सारखे गट लागोपाठ आहेत. त्यातला एक गट गळालेल्या झाडांची प्रतिकारशक्ती गेली, हे 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. घडी टिकली तरी काम टिकेलच असे नाही.

नक्कल झालेला घटक तसाच राहिला तर दुसरी अडचण येते. शेजारचे दोन भाग फार सारखे असले की एकाचा तुकडा दुसऱ्याच्या घडीत शिरतो आणि गुंता होतो. स्नायूतल्या टायटिनसारख्या प्रथिनांत लागोपाठच्या इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांतल्यासारखी घडी असलेल्या) भागांमधले साम्य बहुधा 40 टक्क्यांच्या खाली असते, ते यामुळेच, असे 2005 च्या संशोधनातून पुढे आले.

आणि ज्या अल्फाफोल्डचे कौतुक लेखात आहे, ते नेमके अशाच प्रथिनांत फसते. मनाने रचलेला एखादा तुकडा हुबेहूब वीस वेळा जोडून दिला तर अल्फाफोल्ड 2 काही वेळा सुबक बीटा-सोलेनॉइड (वेटोळ्यावर वेटोळे अशी घडी) काढून वर भरवशाचे गुणही देते. प्रत्यक्षात ती साखळी तशी घडेलच असे नाही. लांबलचक ओळीत प्रत्येक घटक गडद निळा, म्हणजे 90 च्या वर गुण मिळवलेला, दिसतो. तरी संपूर्ण ओळीचा बाक चुकलेला असू शकतो. त्यासाठी सोबतचा त्रुटीचा नकाशाही (दोन भागांची एकमेकांसापेक्ष जागा किती भरवशाची ते सांगणारा) पाहावा लागतो. तेव्हा पुरवणीत यापुढे प्रथिनाचे चित्र छापाल तेव्हा ते स्फटिकावरून किंवा सूक्ष्मदर्शकाने मिळाले की संगणकाचा अंदाज आहे, एवढे चित्राखाली अवश्य छापावे.

आपले,
जीवरसायनशास्त्राचे काही शिक्षक, नागपूर