शाळा वाढवताना शेवटच्या वर्गापर्यंतचा हिशेब मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की खासगी आंतरराष्ट्रीय शाळांच्या विस्ताराच्या बातम्या येऊ लागतात. नवी इमारत, वाढीव तुकड्या, अमुक इतक्या जागा. ही वाढ कोणी ठरवली आणि कोणत्या हिशेबावर ठरवली, हे मात्र त्यात कुठे वाचायला मिळत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी पेशाने अंतर्गत लेखापरीक्षक. माझी दोन्ही मुलं अशाच एका शाळेत शिकली आणि तीन वर्षं मी तिथल्या नियामक मंडळावर पालक प्रतिनिधी होते. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथल्या शिक्षकांनी माझ्या मुलांसाठी जीव ओतून काम केलं आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या एकाच शाळेपुरतं नाही.

माझ्या दुसऱ्याच बैठकीत पटसंख्या चार वर्षांत ६४० वरून ९०० वर नेण्याचा प्रस्ताव आला. आधार एकच होता: प्रतीक्षा यादीत २१० मुलं आहेत. विषय रात्री साडेनऊला निघाला आणि दहाच्या आत मंजूर झाला. मीही हात वर केला. ते मला आजही सलतं, कारण ज्या आकड्यावर हात वर केला तो मी तपासलेला नव्हता, आणि आकडे तपासणं हे माझं रोजचं काम.

पंधरा दिवसांनी मी प्रवेश विभागात जाऊन ती यादी पाहायला मागितली. तिथल्या ताई म्हणाल्या, "मॅडम, आजवर कोणी मागितलीच नव्हती." आम्ही दोघी फूटपट्टी धरून एकेका ओळीवरून खाली सरकत गेलो. दोन दुपारी त्यात गेल्या. ३१ नावं दोनदा होती. एका वर्षी आडनाव आधी लिहिलेलं, पुढच्या वर्षी नंतर. एकदा वडिलांच्या नावाने अर्ज, एकदा आईच्या. जन्मतारीख मात्र तीच. आणखी ४६ अर्ज दोन वर्षांनंतरच्या प्रवेशाचे होते, म्हणजे मूल अजून रांगत असेल. राहिले १३३. त्या सगळ्या घरी ताईंनी फोन केले. ४८ मुलं दुसऱ्या शाळांत रुळलेली होती, २२ ठिकाणी फोन लागला नाही. हाती उरली ६३ मुलं. त्यातली ४९ नर्सरी आणि पहिलीची. बाकीच्या सगळ्या वर्गांसाठी मिळून १४.

हा कागद मी पुढच्या बैठकीत मांडला. इतिवृत्तात "नोंद घेण्यात आली" एवढी ओळ आली. तोवर ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊन झाली होती.

इमारत लांबली. मुलं मात्र जूनमध्ये आली, कारण त्यांची फी घेतलेली होती. मग जागा शोधायची वेळ आली आणि ग्रंथालयाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. पलीकडे दुसरीचा वर्ग, अलीकडे उरलेली कपाटं. पलीकडे कविता सुरू झाली की इकडे अभ्यासाला बसलेली अकरावीची मुलं वही मिटून जिन्यात जाऊन बसत. भिंतीवर पूर्वी "वाचन कोपरा" असं रंगीत अक्षरांत लिहिलेलं होतं. प्लायवूड नेमकं त्या अक्षरांवरून गेलं, त्यामुळे "वाचन" एका वर्गात आणि "कोपरा" दुसऱ्या वर्गात. ग्रंथपालांनी सव्वा वर्ष ढकलगाडीवर पुस्तकं घालून वर्गावर्गात नेली. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ते हेच, आणि विहीर होईपर्यंत पाणी वाहून आणायचं ते शिक्षकांनी.

पण जागेची अडचण निदान डोळ्यांना दिसते. शाळा वाढल्याचा खरा ताण वर्षांनंतर आणि सगळ्यात वरच्या वर्गांवर येतो. तो मंडळाच्या टेबलावर कधीच मांडला जात नाही.

आमच्या शाळेत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेचा डिप्लोमा अभ्यासक्रम होता. अकरावी-बारावीच्या या दोन वर्षांत मुलं सहा विषय घेतात, सहसा तीन हायर लेव्हलचे आणि तीन स्टँडर्ड लेव्हलचे. आयबीने सुचवलेला अध्यापनाचा वेळ हायर लेव्हलच्या विषयाला २४० तास आणि स्टँडर्ड लेव्हलच्या विषयाला १५० तास आहे. विज्ञानाचा विषय हायर लेव्हलला असेल तर त्यात ६० तास प्रात्यक्षिकांचे. शिवाय ज्ञानमीमांसा (थिअरी ऑफ नॉलेज) या सगळ्यांना सक्तीच्या विषयाचे १०० तास. हे सगळे तास एकाच वेळापत्रकात बसवायचे असतात. भौतिकशास्त्राला नऊच मुलं असली तरी शिक्षक पूर्ण लागतो, प्रयोगशाळाही लागते. माझ्या मुलीला जीवशास्त्र आणि दृश्यकला दोन्ही हायर लेव्हलला घ्यायचे होते. प्रयोगशाळा एकच, तुकड्या वाढलेल्या, त्यामुळे दोन्ही विषय एकाच तासाला आले. तिने चित्रकला सोडली. तिच्या वर्गातल्या आणखी तिघांनी अशीच काही ना काही तडजोड केली. पहिलीत तुकडी वाढवायला हात वर करणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांसमोर तेव्हा ही चार मुलं नव्हती.

एक्स्टेंडेड एसेचंही तेच. डिप्लोमाचं प्रत्येक मूल ४,००० शब्दांपर्यंतचा संशोधनपर निबंध लिहितं आणि प्रत्येकाला एक मार्गदर्शक शिक्षक लागतो. त्या शिक्षकाचे ३ ते ५ तास एका मुलाला द्यावे लागतात. बॅच ४५ ची ८० झाली की ३५ मुलं वाढली, म्हणजे १०५ ते १७५ तास वाढले. हे तास वेळापत्रकात दिसत नाहीत, म्हणून अंदाजपत्रकातही येत नाहीत. एका शिक्षिकेने मला सांगितलं की त्यांच्याकडे एकाच वेळी अकरा मुलं आहेत. त्यांनी दुसऱ्या वर्षी नोकरी सोडली.

आता पैशांविषयी, कारण तो माझा विषय. शैक्षणिक वर्ष सुरू होताना वर्षाची फी जमा होते तेव्हा बँकेतली शिल्लक भरघोस दिसते. पण जूनमध्ये आलेले पुढच्या मार्चचे पैसे अजून कमावलेले नसतात. ते तास शिकवून झाल्यावर शाळेचे होतात. मुलांची परतीची अनामत तर शाळेची कधीच नसते. ती देणं आहे आणि ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसते. आमच्याकडे या दोन्ही रकमांतून बांधकामाचे हप्ते गेले. काही कुटुंबं वर्षाच्या मध्यात बदली होऊन निघाली तेव्हा अनामत परत करायला तीन-तीन महिने लागले. कोणी अपहार केला असं मी म्हणत नाही. मंडळातल्या बहुतेकांना शिल्लक म्हणजेच ऐपत वाटत होती, आणि आमचे पाय अंथरुणाच्या बाहेर गेले.

मंडळावरच्या सदस्यांचे शाळेशी होणारे व्यवहार लिहून ठेवायची नोंदवहीही नव्हती. जागा कोणाची, भाडं कोणाला जातं, बांधकामाचं काम कोणाकडे आणि त्याचं मंडळावरच्या कोणाशी नातं आहे का, एवढंच त्यात लिहायचं असतं. ती सुरू करून घ्यायला मला आठ महिने लागले. बघा तर खरं, एका वहीसाठी आठ महिने.

त्या काळातल्या प्राचार्यांनी वाढ एक वर्ष थांबवा असं लेखी कळवलं होतं. त्यानंतर अध्यक्ष विभागप्रमुखांना थेट फोन करू लागले. रजा कोणाला द्यायची, कोणत्या वर्गाला कोणते शिक्षक, इथपर्यंत. मंडळाने दिशा ठरवावी, पैशांवर लक्ष ठेवावं, प्राचार्य नेमावेत आणि त्यांच्या कामाचा जाब घ्यावा. शाळा चालवायची ती प्राचार्यांनी. ही रेघ पुसली गेली की शिक्षकांना कळत नाही कोणाचं ऐकायचं. वर्षाअखेर प्राचार्य गेले. पाच वर्षांतले ते तिसरे. नव्या बाई आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी शाळेची पंचवार्षिक योजना मागितली. कपाटातून तीन निघाल्या. प्रत्येक प्राचार्यांची आपापली, तीन वेगळ्या मुखपृष्ठांची. पहिलीतलं दुसरीत काही आलेलं नव्हतं.

नर्सरीत आलेलं मूल बारावी होऊन बाहेर पडायला १४-१५ वर्षं लागतात. आमच्याकडे पालक प्रतिनिधीची मुदत तीन वर्षांची, अध्यक्षांची पाच, आणि प्राचार्य दोन वर्षंसुद्धा टिकत नव्हते. मूल जितकं शाळेत राहतं तितका त्या टेबलाभोवती बसलेला एकही माणूस राहत नाही. म्हणून योजना माणसाची असून चालत नाही, ती मंडळाची आणि कागदावर असावी लागते. कोणता निर्णय का घेतला आणि कोणता का नाकारला, तेही त्यात असावं लागतं.

आयबी दर ५ वर्षांनी शाळेचं मूल्यमापन करते आणि त्यासाठी शाळेला स्वतःचा आढावा लिहावा लागतो. आमच्या आढाव्याच्या वर्षी शिक्षक, पालक आणि मंडळ पहिल्यांदा एका खोलीत बसले. त्या बैठका मला फार आवडल्या. एका विज्ञान शिक्षकांनी फळ्यावर फक्त प्रयोगशाळेचे आठवड्याचे तास लिहिले, शेजारी चार वर्षांनंतरच्या तुकड्या लिहिल्या आणि ते खाली बसले. पुढची पाच मिनिटं कोणी बोललं नाही. हे गणित विस्तार मंजूर करण्याआधी मांडायला दहा मिनिटं पुरली असती.

जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ मध्ये निघाली ती लीग ऑफ नेशन्स आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम करणाऱ्या लोकांच्या मुलांसाठी, मोजक्या मुलांना घेऊन. १९६८ मध्ये आयबीची स्थापना झाली तीही जिनिव्हातच. देशोदेशी फिरणाऱ्या मुलांचं शिक्षण तुटू नये, ही त्यामागची गरज होती. ज्या शाळांचा उगमच असा सांभाळण्यात आहे, त्यांनी आपल्याच मुलांना प्लायवूडच्या भिंतीआड बसवावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाढू नका असं मी कोणत्याही शाळेला म्हणत नाही. छोट्या शाळेत विषयांची निवड कमी असते, एक शिक्षक गेला तरी विषयच बंद पडतो, हेही मी पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की तुकडी वाढवण्याचा ठराव येईल तेव्हा त्याच्यासोबत त्या तुकडीचा शेवटच्या वर्षापर्यंतचा हिशेब यावा: शिक्षक, प्रयोगशाळा, तास आणि पैसे. आणि तो पालकांना वाचायला मिळावा. इतिवृत्तातला कर्मचाऱ्यांविषयीचा खासगी भाग वगळून बाकीचं उघड करायला काहीच हरकत नसते. पालकांनीही प्रवेश घेताना जलतरण तलावासोबत हे कागद दाखवायला सांगावेत. गेल्या पाच वर्षांत प्राचार्य किती झाले, एवढा एक प्रश्न विचारला तरी बरंच कळतं.

माझी मुदत संपली. दुरुस्त केलेल्या २१० ओळींच्या यादीची प्रत आणि त्यावरचं माझं दोन पानी टिपण मी प्रवेश विभागात ठेवून आले आहे. नव्या प्रतिनिधींनी मागितलं तर ताई काढून देतील.

आपली,
एक माजी पालक प्रतिनिधी
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयास कळवला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)