आधी दिशा, मग सूत्र

महोदय,

नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्यातली तीन समीकरणे मुलांना तोंडपाठ असतात, तरी गणित चुकते. कारण दिशा न ठरवताच आकडे घातले जातात. चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर आधी वहीत बाण काढून ‘वर म्हणजे अधिक’ असे लिहावे. मग गुरुत्वत्वरण, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, वजा 10 धरायचे. 2 सेकंदांनी वेग शून्य, उंची 20 मीटर. 4 सेकंदांनी चेंडू परत हातात. कापलेले अंतर 40 मीटर, विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासूनचे सरळ अंतर, मात्र शून्य! सर्वांत वरच्या बिंदूला त्वरणही शून्य, असे बरीच मुले लिहितात. तसे असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

दुसरी चूक एककांची. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. 5 ने गुणून 18 ने भागायचे. ब्रेक दाबल्यावर वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंदाने घटत असेल, तर गाडी 4 सेकंदांत, 40 मीटरवर थांबते, ताशी 36 ला 10 मीटरवरच. वेग दुप्पट, अंतर चौपट. उद्या दुचाकी हाती घेणाऱ्या या मुलांसमोर याचा वेग-काळ आलेख फळ्यावर काढायलाच हवा: रेषेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ, 4 गुणिले 20 भागिले 2, हेच ते 40 मीटर.

– एक विज्ञान शिक्षक