‘सर्व पेट्रोल गाड्यांसाठी’ म्हणून विकलेल्या नॉक सेन्सरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : चुकीचा नॉक सेन्सर बसवल्याबद्दल आणि तक्रारीला दिलेल्या दिशाभूल करणाऱ्या उत्तराबद्दल

महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुण्यातल्या सेवा केंद्रात मी माझ्या गाडीचा नॉक सेन्सर बदलून घेतला. सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकून ठोके बसतात, म्हणजे नॉकिंग होते, ते टिपणारा हा भाग. चेक इंजिनचा दिवा लागत होता आणि स्कॅनरवर पी०३२५ हा कोड येत होता. म्हणजे सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष होता. तेव्हा तो बदलण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नवा सेन्सर बसला, दिवा विझला, पैसे भरून मी निघालो. साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून टणटण आवाज यायला लागला. सेन्सर बिघडलेला होता तेव्हा पिकअप कमी होता, पण हा आवाज कधी आला नव्हता.

तुमच्या कस्टमर केअरने यावर दोन उत्तरे दिली. एक, हा ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा परिणाम आहे. दोन, नॉक सेन्सर सगळे सारखेच असतात, कपलर (वायरचा जोड) बसला की झाले.

पहिले उत्तर तर उलटेच आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची क्षमता, वाढते. साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन लागतो, ई-२० ला ९५. अ‍ॅव्हरेज थोडे घटले असते तर इथेनॉलकडे बोट दाखवणे मी समजू शकलो असतो, नॉकिंगसाठी नाही. शिवाय पंप तोच, पेट्रोल तेच. बदलला तो फक्त सेन्सर.

दुसऱ्या उत्तराबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या वेबसाइटवर तोच दावा ‘सर्व पेट्रोल गाड्यांसाठी’ अशी जाहिरात म्हणून झळकतो आहे. नॉक सेन्सरमध्ये पिझो सिरॅमिकची चकती असते आणि तिच्यावर एक वजन. ब्लॉक थरथरला की ते वजन चकतीला दाबते आणि चकती तेवढा व्होल्टेज देते. नॉकिंगची थरथर किती किलोहर्ट्झची, हे मुख्यतः सिलिंडरच्या बोअरवर (आतल्या व्यासावर) ठरते. माझ्या ७३ मिमी बोअरला ती साधारण पावणेआठच्या आसपास येते, ८६ मिमीच्या इंजिनाला पावणेसातच्या. काही सेन्सर एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवलेले असतात. ते दुसऱ्या बोअरच्या इंजिनावर लावले तर जवळपास बहिरेच. माझ्या गाडीतला मधून बोल्ट जाणारा, कड्यासारखा सेन्सर रुंद पट्ट्यातले ऐकतो. असा एकच सेन्सर वेगवेगळ्या मॉडेलांना खरोखर चालतो, हे मला मान्य आहे. पण तो चालतो पार्ट नंबर जुळला तर. बाहेरून जुळे दिसणारे दोन सेन्सर एकाच धक्क्याला वेगवेगळे व्होल्टेज देऊ शकतात, आणि ईसीयूचे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचे) सगळे हिशेब मूळ सेन्सरवर बेतलेले असतात. स्पार्कनंतरच्या ठरावीक क्षणापुरते ईसीयू ऐकतो, इंजिनाच्या नेहमीच्या गोंगाटाशी ताडून पाहतो, आणि मर्यादा ओलांडली तरच टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, काही अंश मागे घेतो. सिग्नलच कमजोर आला तर मर्यादा ओलांडली जात नाही.

त्यामुळे माझी गाडी दुरुस्तीनंतर जास्त धोक्यात आली. कोड आलेला असताना ईसीयू खबरदारी म्हणून टायमिंग मागेच ठेवतो. गाडी मठ्ठ चालते, पण पिस्टन सुरक्षित राहतात. आता सर्किट ठीक दिसते म्हणून दिवा नाही, ईसीयू निर्धास्तपणे टायमिंग पुढे नेतो आणि नॉकिंग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. राखणदार झोपला आहे हे ठाऊक असते तर निदान कुलूप तरी लावले असते.

साताऱ्यातल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने स्कॅनरवर लाइव्ह डेटा (चालत्या इंजिनाचे आकडे) लावून गाडी चढाला घेतली. आवाज कानाला स्पष्ट ऐकू येत होता आणि टायमिंगचा आकडा तसूभरही मागे येत नव्हता. मग त्याने सेन्सर खोलला. सेन्सर आणि ब्लॉक यांच्या मध्ये स्प्रिंग वॉशर! खाली जुना गंज तसाच, आणि बोल्ट इतका सैल की साध्या पान्याने विनासायास फिरला. बॉशसारखे उत्पादक स्पष्ट सांगतात की सेन्सर साफ पृष्ठभागावर थेट टेकला पाहिजे, वॉशर कुठलाही नको, आणि बोल्ट साधारण २० न्यूटन-मीटरला आवळायचा. थरथर या बोल्टच्या दाबामुळेच सेन्सरपर्यंत पोहोचते. तुमच्या सेवा केंद्रात टॉर्क पाना आहे की नाही, ही शंका मला आता येते. सेन्सरच्या खोक्यावर ‘युनिव्हर्सल’ एवढेच छापले आहे. माझ्या जुन्या सेन्सरवरचा नंबर त्यावर कुठेही नाही.

माझ्या मागण्या अशा. सेन्सर आणि मजुरीची पूर्ण रक्कम परत करावी. मूळ पार्ट नंबरचा सेन्सर माझ्यासमोर, टॉर्क पान्याने, तुमच्या खर्चाने बसवून द्यावा. नॉकिंगमध्ये गाडी चालल्यामुळे स्पार्क प्लग आणि पिस्टनचे माथे बोअरस्कोपने (सिलिंडरमध्ये घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) तपासून लेखी अहवाल द्यावा. नुकसान आढळले तर त्याचा खर्च तुमचा. वेबसाइटवरचे ‘सर्व पेट्रोल गाड्यांसाठी’ हे शब्द काढून तिथे मॉडेल आणि पार्ट नंबर द्यावेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. कुपन किंवा पुढच्या सर्व्हिसवर सवलत देऊ केल्यास मी ती घेणार नाही. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. काढलेला सेन्सर आणि तो वॉशर माझ्याकडे जपून ठेवले आहेत. तुमच्या माणसाला येऊन पाहता येतील, नेता येणार नाहीत.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव व पत्ता बिलाप्रमाणे)

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचा व जुन्या सेन्सरचा फोटो, लाइव्ह डेटाचा व्हिडिओ