'पेक्कावी' नेपियरचे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश विनोदावरचा लेख आवडला. मात्र एक जुनी दंतकथा त्यात पुन्हा खरी म्हणून आली आहे. सिंध जिंकल्यावर ब्रिटिश सेनापती सर चार्ल्स नेपियर यांनी वरिष्ठांना 'पेक्कावी' एवढ्या एकाच शब्दाची तार केली, असे लेखक म्हणतात. सिंध पडला १८४३ साली. तेव्हा हिंदुस्थानात तारसेवाच सुरू झाली नव्हती! ही कोटी सुचली कॅथरिन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या इंग्रज मुलीला. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने मे १८४४ मध्ये ती बातमीच्या थाटात छापली आणि लोकांनीही बातमी म्हणूनच पुढे सांगितली.

कोटी अशी : लॅटिनमध्ये 'पेक्कावी' म्हणजे 'मी पाप केले'. त्याचे इंग्रजी 'आय हॅव सिन्ड'. कानाला ऐकू येते 'आय हॅव सिंध', म्हणजे सिंध माझ्या हाती आला. मी बरीच वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. एकदा नववीच्या वर्गात ही कोटी फळ्यावर लिहिली. लॅटिनचे इंग्रजी, इंग्रजीचे मराठी करता करता तास संपत आला, हसले कोणीच नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग त्यांनी सरळ इंग्रजीतच का नाही लिहिलं?"

पोराने नेमके बोट ठेवले होते. तिकडे लॅटिन हे बड्या घरच्या शिक्षणाचे लक्षण. कोटी कळली तो आपल्यातला, न कळली तो बाहेरचा. आपल्या पंडित कवींच्या श्लेषांनाही संस्कृतची जाण लागायचीच म्हणा. पण इथे त्या एका शब्दात कबुली आणि फुशारकी शेजारी शेजारी बसली आहेत. नेपियरने रोजनिशीत तर आधीच लिहून ठेवले होते, की सिंध घ्यायचा आपल्याला हक्क नाही, तरी आपण तो घेणार, आणि ती मोठी फायद्याची, उपयोगाची, माणुसकीची लबाडी ठरेल. ब्रिटिश माणूस स्वतःवर हसतो, याचे लेखकाला फार कौतुक आहे. मलाही होते. पण पाप हसत हसत कबूल केले म्हणून कोणी सिंध परत केला नाही.

पुढे १८५६ साली डलहौसीने अवध घेतले, तेव्हा 'पंच'ने जोडकोटी छापली : 'वोवी', म्हणजे 'मी शपथ वाहिली'. त्याचे इंग्रजी 'आय व्हाउड'. अवधला साहेब 'औड' म्हणत, त्यामुळे 'आयव्ह औड', म्हणजे 'अवध माझे', हेही कानाला तसेच ऐकू येई. आमचा सातारा याच डलहौसीने १८४८ साली खालसा केला. त्यावर अशी कोटी झाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. साताऱ्याला लॅटिन सापडले नसावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा