मुरुमांवरचे अर्क : टक्केवारीही छापा

महोदय,

आपल्या पुरवणीतल्या मुरुमांवरच्या वनस्पतिजन्य उपायांत वनस्पतीचे नाव ठळक छापले जाते, प्रमाण मात्र क्वचितच. सगळी मेख प्रमाणातच आहे.

टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेल्या तेलाचेच पाहा. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचे ५ टक्क्यांचे जेल आणि ५ टक्क्यांचे बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे नेहमीचे औषध, दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्रासही कमी झाला. ५ टक्के म्हणजे १० ग्रॅम जेलमध्ये अर्धा ग्रॅम तेल. ते वजनानेच घ्यावे, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही. नुसते ढवळले तर वर तरंगते आणि पहिल्याच बोटाला निव्वळ तेल येऊन कातडी भाजते. म्हणून ते आधी पॉलिसॉर्बेट-२० मध्ये (तेल पाण्यात मिसळवणाऱ्या द्रव्यात) मिसळून मग जेलमध्ये घालावे. ते जमणार नसेल तर तयार जेल बरे. उघडी बाटली हवा-उजेडात ठेवली की तेलाचे ऑक्सिडेशन होते, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने ते बिघडते, आणि ॲलर्जी येते ती बहुधा अशा जुन्या तेलाने.

कोरफडीचे पान कापल्यावर १०-१५ मिनिटे उभे ठेवून पिवळा चीक निथळू द्यावा. खाज सुटते ती त्या चिकाने. ताजा गर किंवा ग्रीन टीचा काढा यांत परिरक्षक (जंतूंची वाढ रोखणारा प्रिझर्व्हेटिव्ह) नसतो. फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये, नाहीतर जंतूच चेहऱ्यावर चोळले जातात. लिंबाचे तर नावच नको : रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे २, त्वचेचा ५ च्या आसपास, आणि वर ऊन लागले की काळे डाग.

विकतच्या डब्यावर ‘विलो सालीचा अर्क’ दिसला म्हणून तो मुरुमांवर वापरल्या जाणाऱ्या २ टक्के सॅलिसिलिक आम्लाच्या तोडीचा समजू नये. सालीत असते ते सॅलिसिन, म्हणजे नाव जवळचे पण द्रव्य वेगळे. घटकांची यादी उतरत्या प्रमाणात असते, पण १ टक्क्याखालचे घटक कसेही लिहिता येतात. फिनॉक्सीएथेनॉल या परिरक्षकाची मर्यादा १ टक्का, तेव्हा अर्काचे नाव त्याच्याही मागे असेल तर तो नावापुरताच.

नवे काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. गाठी येत असतील किंवा व्रण राहत असतील तर अर्कांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

आपल्या पुरवणीत यापुढे प्रत्येक कृतीशेजारी टक्केवारी आणि टिकण्याची मुदत छापावी, ही विनंती.

– प्रसाधननिर्मिती क्षेत्रातील दोन वाचक