मास्तरांच्या कॅमेऱ्याची काच

परभणी, मे महिना

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

मास्तरांचा कॅमेरा माझ्याकडं आलाय. स्टेशन रोडच्या स्टुडिओतला तोच, रोलायकॉर्ड व्हीबी, वरच्या भिंगातून बघायचं आणि खालच्यातून फोटो काढायचा असा दोन भिंगांचा. मास्तरांच्या घरून वहिनींनी नातवाच्या हाती पाठवला. निरोप एवढाच, की ह्याच्यानं पुन्हा फोटो निघाला पाहिजे. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही अन् फोनवर अर्धंच बोलणं होतं, म्हणून लिहायला बसलो. आम्ही सगळे बरे. माझी शुगर ताब्यात आहे, आईचा गुडघा तसाच.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण चौकात उभं राहून कितीदा ओरडलो असू! ते खरं केलं ते ह्या कॅमेऱ्यानं. ब्राउनश्वाइगला जन्मला आणि आपल्या गावच्या उरुसात, लग्नांत, विद्यापीठाच्या ग्रुप फोटोंत राबला.

शटरचं आधी सांगतो, कारण तिथं फार डोकं लावायचं नव्हतं. एक सेकंदाच्या वेगाला पाती उघडी ती उघडीच. पत्र्याखालच्या खोलीत बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे उन्हाळे काढलेला कॅमेरा. वंगणातलं तेल पातळ होऊन पसरलं आणि पात्यांवर जाऊन बसलं. ह्या शटरची, म्हणजे सिंक्रो-कॉम्परची पाती कोरडीच चालायला पाहिजेत. पुढच्या पॅनेलचं कातडं सोडवलं. लोक त्याला हेअर ड्रायर लावतात, आपल्याला मे महिन्यात दुपारचं अंगण पुरे. खालचे स्क्रू सरळ खाचेचे आहेत, खाचेच्या रुंदीचाच पेचकस लागतो. आधीच्या कुण्या कारागिरानं ते छिलून ठेवलेत. पुढचा-मागचा दोन्ही भिंगांचे गट काढून बाजूला ठेवले आणि मगच लायटरच्या पेट्रोलचे थेंब पात्यांवर सोडले. उघड-मीट करायची, टिपकागदानं टिपायचं, पुन्हा थेंब; टिपकागद कोरा निघेपर्यंत. भिंगं जागेवर ठेवून हे केलं तर विरघळलेलं तेल काचेवर जाऊन बसतं. सावकाश वेगांची दातेरी साखळी वेगळी धुतली आणि तिच्या आसांना सुईच्या टोकावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल दिलं. आता एक सेकंदाची घरघर सलग ऐकू येते. पाचशेचा वेग, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, मोजला तर साडेतीनशेच्या आसपास भरतो. एवढ्या वयाच्या स्प्रिंगला मी हात लावणार नाही. फरक अर्ध्या स्टॉपचा, म्हणजे उजेड थोडा जास्त पडतो, तो निगेटिव्ह सहज पचवतं.

आता काच. खरं पत्र इथून सुरू.

खालच्या, फोटो काढायच्या भिंगाची, झेनारची रचना तुला पाठ आहे: पुढच्या गटात दोन सुटी भिंगं, मधे शटर, मागं दोन भिंगं बाल्समच्या पारदर्शक डिंकानं चिकटवलेली. मागचा गट निर्मळ आहे. कडेला इंद्रधनुष्य नाही, म्हणजे बाल्सम सुटलेलं नाही. दुखणं पहिल्या भिंगाच्या आतल्या अंगाला. टॉर्च तिरपा धरला तर मुळ्यांसारखी फंगस, आणि तिच्यावर पांढरट साय. ही साय फंगसची नव्हे. त्याच कारागिरानं कातडं सुपरग्लूनं चिकटवलं, त्याची वाफ आत जाऊन काचेवर बसली. भिंगांजवळ सुपरग्लू नको हे मास्तर ओरडून सांगायचे, आठवतं? साय एसिटोननं निघाली. कापूस घट्ट पिळून, कडेच्या काळ्या रंगाला न लावता. मग फंगसला तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समभाग, मिनिटभर, लगेच डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयसोप्रोपिल. मुळ्या गेल्या. खुणा राहिल्या. फंगसच्या आम्लानं कोटिंग, काचेवरचा चमक मारणारा पातळ थर, खाल्लंय, आणि खाल्लेलं कोटिंग पुसून परत येत नाही.

चीड येते ती जपणुकीची. चामड्याच्या केसमधे घालून गोदरेजच्या कपाटात ठेवला होता. आपल्याकडची हवा वर्षातले आठ महिने कोरडी, कोकणासारखी गत नाही. पण हवेतला ओलावा पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की फंगस धरते, आणि पावसाळ्यात चामडं ओल धरून ठेवतं. उघड्या फळीवर असता तरी वाचला असता. केस मी वेगळी करून ठेवलीय. नातवाला सांगितलं, डब्यात सिलिका जेल घालून ठेव, चामड्यात नाही.

तर प्रश्न हा: ही काच ठेवायची का बदलायची?

तुझ्याकडची व्हीबी माझ्या डोळ्यासमोर आहे. वाइंडिंग अडकलेलं, पण झेनार आरशासारखा. तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे, त्या यॅशिका-मॅट कॅमेऱ्याच्या वेळी म्हणालास तेच: “बंद पडलेल्यानं चालत्याला द्यावं.” दत्ता, तेव्हाही मला पटलं नव्हतं, आताही पटत नाही. त्या यॅशिकाचा क्रँक कुणीतरी जोर लावून फिरवला होता, एका गिअरचे दात गेले होते, एवढंच. गिअर मिळाला असता. आपण तिला सोलून मोकळे झालो आणि उरलेला सांगाडा तुझ्या माळ्यावर गेला. अशानं दरवर्षी एक कॅमेरा कमी होतो आणि कारखाना काही नवा बनवत नाही.

आणि तुझा झेनार घ्यायचा म्हटलं तरी नुसतं पहिलं भिंग उचलून चालत नाही. चारही भिंगं कारखान्यात एकमेकांना जुळवून बसवलेली असतात. एक उपरं आलं की कोपरे मऊ पडतात. म्हणजे आख्खा झेनार. पंच्याहत्तर मिलिमीटर हा आकडा रिंगवर लिहिलेला. प्रत्यक्षात प्रत्येक भिंगाचं नाभीय अंतर केसभर इकडंतिकडं असतं, म्हणून वरचा बघायचा हायडोस्मॅट त्याला जोडीनं निवडलेला. खालचा बदलला आणि वरचा तोच ठेवला तर अनंतावर जुळेल आणि एक मीटरवर चुकेल. म्हणजे जोडीच आणावी लागणार. मग मास्तरांचं काय राहिलं? पेटी आणि बटणं. काही दलाल जुन्या नंबरची रिंग नव्या भिंगावर चढवून विकतात. तसलं आपल्या हातून होणे नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे, तीच मला झोपू देत नाही. पोरगं हौशी आहे. पहिलाच रोल भरणार, सूर्याकडं तोंड करून बहिणीचा फोटो काढणार. खाल्लेल्या कोटिंगनं रेषा मऊ होत नाहीत, काळं करडं होतं. समोरून उजेड आला की सगळं धुरकट. बारा फोटो धुरकट आले की कॅमेरा पुन्हा कपाटात. मास्तरांची काच जपायच्या नादात मास्तरांचा कॅमेरा बंद पाडला, असं व्हायला नको.

म्हणून असं ठरवतोय. आधी फोकस लावतो. फिल्मच्या रुळांवर घासलेली काच, खरखरीत बाजू भिंगाकडं, शटर बी वर, म्हणजे दाबून धरलं तोवर उघडं, केबल रिलीजनं अडकवलेलं, छिद्र पूर्ण उघडं, दहापट मोठं दाखवणारं लूप, आणि गावाबाहेरचा मोबाइल टॉवर. आधी खालचं भिंग अनंताला, मग हायडोस्मॅट फिरवून त्याला जुळवायचा. उलट क्रम केला तर दोन्ही चुकतात. मग एक मीटरवर तिरपी पट्टी ठेवून ताळा. आरशाच्या कडेची चांदी उडालीय, पण मधला भाग ठीक आहे. फुंकणीनं धूळ उडवली, फडकं लावलं नाही.

त्यानंतर एचपी-फाइव्ह ह्या काळ्या-पांढऱ्या फिल्मचे दोन रोल. उन्हात छिद्र एफ सोळा आणि पाचशेचा वेग, तेच विषय, तीच वेळ, सूर्य पाठीशी आणि सूर्य समोर. एक रोल हूड, म्हणजे भिंगावरची उन्हाची टोपी, लावून, एक हूडशिवाय. हूड लावून समोरच्या उजेडातला चेहरा छपाईच्या तीन नंबरच्या कागदावर नीट उतरला, तर काच राहणार आणि हूड पोरानं कधीच काढायचं नाही. नाहीच उतरला, तर तुझी जोडी घेईन. पण मास्तरांची जोडी स्पेसरसकट, म्हणजे भिंगांमधल्या पातळ कड्यांसकट, डबीत, वर नंबर लिहून, कॅमेऱ्यासोबत जाणार, म्हणजे उद्या कुणालाही परत बसवता येईल. आणि तुझी व्हीबी तू सोलायची नाहीस. ती तशीच इकडं पाठवायची, तिचं वाइंडिंग मी बघतो.

तुझं पटतं का ते लिही. भांडायचं असलं तर भांड, पण ह्या वेळी कारण दे.

लेकीचं बारावीचं काय झालं? तुझ्या बदलीचं मिटलं का? वहिनींना नमस्कार. घराचं काम पूर्ण झालं असलं तर फोटो पाठव, मोबाइलचा चालेल.

तुझा,
विलास

ता. क. बे-वन मापाचं हूड जास्तीचं असलं तर लगेच पाठव. रबराचं ढकलून बसवायचं नको, ते वरच्या भिंगात दिसतं. आणि उत्तर मृगाच्या आत दे. पुढचा गट अजून उघडा ठेवलाय, पाऊस लागायच्या आधी मला तो बंद करायचाय.